दाजींची गल्ली आणि ताईची काटकसर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, बोटीवर असतात. ताई कुणालाही एवढंच सांगते आणि गप्प बसते. ऐकणाऱ्याला वाटतं, कॅप्टन असतील, निदान इंजिनियर तरी. ताई तो गैरसमज दूर करायला जात नाही. मी जाते. मला असल्या गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. दाजी पर्यटकांच्या क्रूझवर खोल्या आवरतात. चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, ओले टॉवेल न्यायचे, सुके आणायचे, आणि हे सगळं करताना तोंडावरचं हसू जरासुद्धा ढळू द्यायचं नाही. ज्याला हे काम सोपं वाटत असेल त्याने एकदा येऊन आमच्या दाजींचे गुडघे बघावेत.

नऊ महिने बोटीवर आणि जेमतेम दीड महिना घरी, असा त्यांचा करार. त्यामुळे घरी आले तरी ते पुरते घरी येतच नाहीत. स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरण्याआधी दारावर टकटक करतात आणि ताई ओट्यापाशी दिसली की म्हणतात, "सॉरी, नंतर येऊ का?" पॅसेजमध्ये समोरून कुणी आलं की भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि "गुड मॉर्निंग" म्हणतात. समोरून मी आले असले तरी. ताई आंघोळीला गेली की तेवढ्यात तिचा पलंग आवरून उशीवर चॉकलेट ठेवतात. त्यांच्या लेकीची तर वेगळीच तऱ्हा. सात वर्षांची कार्टी, पण बाप आला की ट्रेमधून पाणी नेऊन देते, "बसा ना" म्हणते, आणि चार दिवस झाले की अगदी अदबीने विचारते, "बाबा, तुम्ही कधी निघणार?" दाजी हसतात. ताई उठून आत जाते.

दाजींची एकच कला कच्ची आहे. बोटीवर दररोज संध्याकाळी टॉवेलाचा एखादा प्राणी करून पलंगावर ठेवायचा असतो. प्रवासी त्यावर खूश होतात, फोटो काढतात, आणि खूश झालेला प्रवासी खिशात हात घालतो. दाजींनी काहीही करायला घेतलं तरी त्याचं बदक होतं. हत्ती केला, बदक. माकड केलं, बदक. एकदा म्हणे त्यांनी मुद्दाम बदकच करायला घेतलं, तर लोक म्हणाले, "काय छान बूट आहे." बोटीवर त्यांना सगळे बदकच म्हणतात. ते ऐकून मला राग आला होता. दाजींना नाही आला. दाजींना राग येतो का हेच मला अजून कळलेलं नाही, आणि मला त्याचाही राग येतो.

तर मागच्या वर्षी कंपनीने चांगल्या कामाबद्दल दाजींना एक सफर बक्षीस दिली. घरच्या दोन माणसांनी फुकट यायचं. लेकीची शाळा होती, शिवाय तिची आजी म्हणाली, मला पाणी बघूनच गरगरतं. म्हणून लेक आजीपाशी राहिली आणि मी निघाले. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मालकाने रजा देताना तोंड वाकडं केलं, पण दिली.

खोली मिळाली ती नेमकी दाजींच्याच गल्लीत. गल्ली हा माझा शब्द. बोटीत आत लांबच लांब बोळ असतात, दोन्ही बाजूंनी खोल्या, आणि एकेक बोळ एकेकाच्या ताब्यात. खोली आवरायला येणारा माणूस म्हणजे ताईचा सख्खा नवरा. पण नियम असा की ड्युटीवर नातं दाखवायचं नाही, खोलीत बसायचं नाही, इतर प्रवाशांपुढे तर ओळखसुद्धा द्यायची नाही. पहिल्याच दिवशी टकटक झाली. दारात दाजी, कडक इस्त्रीत, मागे हात बांधून. "मॅडम, आत येऊ का?" ताई लाजून लालबुंद झाली. लग्नात झाली नव्हती एवढी. मग दुसऱ्या दिवशी सरावली, आणि तिसऱ्या दिवशी तर चक्क म्हणाली, "उशी जरा अजून एक लागेल." मी म्हटलं, अगं, घरी तू स्वतःच्या उशीचा अभ्रा दाजींच्या हातून ओढून घेतेस. ती म्हणाली, "घरी ते पाहुणे असतात. इथे मी आहे."

दाजी टॉवेल बदलताबदलता बोटीवरच्या टिपची गंमत सांगायचे. तेही हळू आवाजात, दार उघडं ठेवून. काही लोक हात मिळवतात आणि हातात घडी करून नोट सरकवतात, एवढ्या गुपचूप की जणू चोरीचा माल. काही उशीखाली ठेवतात आणि मग चार वेळा विचारतात, उशी नीट झटकली ना. काही जण अर्धी शांपूची बाटली देतात आणि अशा चेहऱ्याने बघतात की माणसाने पाया पडावं. आणि काही जण शेवटच्या दिवशी दिसतच नाहीत. एक गृहस्थ तर दाजींना बघून कपाटात लपले होते. दाजींनी कपाट उघडलं हँगर ठेवायला. दोघांनीही एकमेकांना "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि दाजींनी कपाट परत लावून घेतलं.

पण खरा पैसा त्यात नाही, असं ते म्हणाले. प्रत्येक प्रवाशाच्या बिलात रोजचा सेवेचा चार्ज आपोआप लागतो. तो सगळ्यांत वाटला जातो, खोल्या आवरणारे, वाढणारे, भांडी घासणारे, खाली तळघरात चादरी धुणारे. ज्यांचं तोंडही प्रवाशाला दिसत नाही त्यांनाही. ताई हे ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडत होती. ती मला तेव्हाच दिसायला हवी होती.

त्याच दिवशी दाजींनी मला डेकवर एकटीला गाठलं, दोरीच्या वेटोळ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, "तुला एक सांगतो, ताईला सांगू नकोस. मला सुपरवायझर करायचं घाटतंय. ह्याच सफरीत ठरणार. गल्लीतले प्रवासी खूश राहिले की झालं."

"मग ताईला का नाही सांगायचं?"

"सुपरवायझरचा करार पाच महिन्यांचा असतो. मग तीन महिने घरी. झालं नाही तर तिला उगाच..."  समोरून कोणी आलं, तसे दाजी दोरीला "गुड आफ्टरनून" म्हणून निघून गेले. मी तोंड शिवून घेतलं. मला ते किती जड गेलं हे माझं मला माहीत.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी कापते आणि आतून चमच्याने खरवडते. घरातला एक दिवा लागला की दुसरा विझतो, हा तिच्या घरचा कायदा. नऊ महिने एकटीने घर चालवायचं तर असंच चालवावं लागतं, हे मलाही मान्य आहे. पण बोटीवर टीव्ही लावला आणि त्यावर आपल्या खोलीचं बिल दिसलं, तेव्हा ती जी उठून बसली ती कायमची माझ्या लक्षात राहील. सफर फुकट, पण रोजचा चार्ज मात्र आमचा आम्हाला लागलेला होता.

"म्हणजे माझ्या नवऱ्याला मी पैसे द्यायचे," ती म्हणाली.

"सगळ्यांत वाटतात ना ते."

"तेच म्हणते मी. माझ्या पर्समधून निघणार, अख्ख्या बोटीत फिरणार आणि त्यातला चिमूटभर माझ्या घरी येणार. एवढा फेरा कशाला? माझे पैसे माझ्या पर्समध्ये राहिले तर ते घरीच आहेत की."

मला हिशेब बरोबर वाटला. आजही त्यात चूक नेमकी कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही.

ती तडक काउंटरवर गेली. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "सेवेबद्दल काही तक्रार आहे का?" नातं सांगायची बंदी, तेव्हा ताई म्हणाली, "तक्रार काही नाही. गरज नाही." मुलीने बटण दाबलं आणि चार्ज गेला. ताई एवढ्या आनंदाने परत आली की तिने लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला स्वतःहून वाट दिली.

इथवर थांबली असती तरी निभावलं असतं. पण ताईला चांगली गोष्ट एकटीने पचत नाही. नाश्त्याच्या टेबलावर आमच्याच गल्लीतली मंडळी असायची. एक रिटायर्ड हेडमास्तरीणबाई आणि त्यांचे शब्दाबाहेर नसलेले मिस्टर, एक दातांचे डॉक्टर, आणि रंगाचं दुकान चालवणारे दोन जुळे भाऊ. ताईने पावाला लोणी लावतलावत विषय काढला. "आपला बदकवाला माणूस चांगला आहे की नाही?" सगळे म्हणाले, सोन्यासारखा माणूस. "मग त्याचे पैसे त्याच्या हातात द्या. मधल्या लोकांना कशाला? काउंटरवर जायचं, चार्ज काढायचा, आणि हातात ठेवायचं." जुळे भाऊ एकदम म्हणाले, "बरोबर आहे." हेडमास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे ठराव पास केला. त्यांनी गल्लीत दारोदार जाऊन समजावलं, आणि ज्यांनी दार उघडलं नाही त्यांना दाराबाहेरून समजावलं. जेवणाच्या आत अख्ख्या गल्लीने चार्ज काढून टाकला.

मग दाजींवर पैशांचा पाऊस सुरू झाला, आणि दाजी पळायला लागले. कारण बोटीचा नियम असा की ज्याने चार्ज काढला त्याने हातात काही दिलं, तर तेही वाटणीत जमा करायचं. दाजी ते घेत, आभार मानत, आणि लगेच खाली जाऊन जमा करून येत. दोन्ही हातांवर चादरींचा ढीग असताना हेडमास्तरीणबाईंनी त्यांच्या काखेत नोट खोचली. डॉक्टरांनी त्यांना हसायला लावून दातांचं कौतुक केलं आणि तेवढ्यात खिशात घातली. जुळ्यांपैकी एकाने दिली, ती जमा करून दाजी वर येतात तो दुसरा उभा. दाजींना वाटलं हाच मघाचा, ते म्हणाले, "सर, तुम्ही दिलीत." तो म्हणाला, "मी कुठे दिली?" आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठीमागे धावला.

दुपारी दाजींच्या सुपरवायझरबाई आल्या. उंच, काटकुळ्या, चेहऱ्यावरची माशीही हलत नाही अशा. एकाच गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी चार्ज काढला, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. त्यांनी गल्लीत उभं राहून चारही बाजूंना वास घेतला. गाद्या उचलून ढेकूण शोधले. एसीच्या जाळीत टॉर्च मारला. काहीच सापडेना, तेव्हा एका पलंगावरचं टॉवेलचं बदक उचलून बराच वेळ न्याहाळलं आणि दाजींना विचारलं, "हे काय आहे?" दाजी म्हणाले, "ससा." बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

त्यानंतर दाजी आमच्या खोलीत आले. टकटक केली, आत आले, आणि पलंगाच्या कडेवर बसले. बसले म्हणजे खरंच बसले. मी त्यांना ड्युटीवर बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"गल्लीतल्या सगळ्यांनी चार्ज काढला," ते म्हणाले. "सगळ्यांनी. मी कुठे चुकलो तेच कळत नाही. चार्ज काढला म्हणजे माणूस नाराज, असं धरतात इथे."

ताई इतका वेळ गालातल्या गालात हसत होती, कारण तिला वाटलं, तिला शाबासकी मिळणार. ते हसू तिथेच राहिलं. "मीच सांगितलं सगळ्यांना," ती म्हणाली. "तुमच्या हातात मिळावेत म्हणून."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग मला राहवलं नाही. मी सगळं ओकून टाकलं, सुपरवायझरचं, पाच महिन्यांचं, घरी तीन महिने मिळणार त्याचं. दाजी "अगं, अगं" करत राहिले.  ताईने पलंगाखालच्या चपला पायात सरकवल्या, डावी उजव्यात गेली तरी तशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी सफर संपणार, म्हणून काउंटर चार वाजता बंद होणार होता आणि त्यानंतर बिलात काही हलवता येत नव्हतं. पुढचा तासभर बोटीने जे पाहिलं ते बोट विसरणार नाही. हेडमास्तरीणबाई बिंगो खेळत होत्या, ताईने त्यांना हाताला धरून उठवलं. बाई म्हणाल्या, "पण ठराव तुमचाच होता." ताई म्हणाली, "ठराव चुकला, मी मागे घेते." बाईंनी आयुष्यभर हजारो मुलं रांगेत उभी केलेली, त्यांना परत तो हुरूप आला. डॉक्टर पोहत होते, ते तसेच ठिबकत आले. जुळ्यांपैकी एक मसाजच्या टेबलावर होता, तो चादर गुंडाळून आला, आणि दुसऱ्याला का कोण जाणे, त्यानेही एक चादर गुंडाळली. एका बाईंच्या तोंडावर हिरवा लेप होता, काउंटरवरची मुलगी त्यांना ओळखेना आणि त्यांना लेप वाळल्यामुळे बोलता येईना. ताई रांगेच्या बाजूला उभी राहून एकेकाला पुढे ढकलत होती. "ह्यांचा लावा. ह्यांचाही लावा. ह्या हिरव्या बाईंचाही लावा." मुलगी बटणं दाबत होती. शेवटी हेडमास्तरीणबाईंच्या मिस्टरांचा लागला, आणि मुलीने खिडकीचं शटर खाली ओढलं.

ताई भिंतीला टेकून धापा टाकत होती. "झाले ना गं सगळे?"

मी मोजत होते. सगळे झाले होते, फक्त एक खोली राहिली होती. ती आमची.

ताईने शटरवर इतक्या जोरात थापा मारल्या की आतून मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टीम बंद झाली." खरंच झाली होती.

आम्ही खोलीत येऊन बसलो. ताई म्हणाली, "आता ह्या गल्लीत एकच माणूस नाराज. मी." आणि मग ती रडली. मला रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी तिला ओरडले, नाक पूस म्हणून.

थोड्या वेळाने टकटक झाली. दारात सुपरवायझरबाई, हातात टॅब, आणि त्यांच्या एक पाऊल मागे दाजी. बाईंना नातं माहीत होतं. सफरीचा पास त्यांच्याच सहीचा होता. पण नियम म्हणजे नियम. ज्या खोलीने चार्ज काढला तिथे ती आवरणाऱ्या माणसाने स्वतः येऊन, ठरलेल्या शब्दांत कारण विचारायचं, बाईंनी टिपायचं, आणि त्यावर काय उपाय केला तेही लिहायचं.

दाजी पुढे आले. हात मागे बांधले. घसा साफ केला. "मॅडम," ते म्हणाले, "आमच्या सेवेत काय कमी पडलं?"

ताईने आधी पदराने, म्हणजे पदर नव्हता, बाहीने डोळे पुसले. मला वाटलं, आता म्हणेल, काही नाही हो, चुकून राहिलं. तिने तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण तिच्याकडे बघून माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न तिला लग्न झाल्यापासून कुणी विचारलाच नव्हता.

"गीझर बिघडतो," ताई म्हणाली. "मग शेजारच्यांना बोलवावं लागतं. ते बनियनवर येतात आणि तासभर बसतात."

बाईंनी टिपलं.

"शाळेत पालकांना बोलावतात, तिथे एकेका मुलाला दोन खुर्च्या ठेवतात. मी एकीवर पर्स ठेवते. रिकामी बरी दिसत नाही."

दाजी सरळ उभे होते, पण त्यांचं ते हसू कुठे गेलं कोण जाणे.

"आणि आमच्या डबलबेडवर यांच्या बाजूला मी इस्त्रीचे कपडे ठेवते," ताई म्हणाली. "आता ती बाजू कपड्यांचीच झाली आहे. हे घरी आले की माझी पंचाईत होते, कपडे ठेवू कुठे म्हणून. मनात येतं, हे गेले की परत ठेवीन. असं मनात येतं हो माझ्या. स्वतःच्या नवऱ्याबद्दल."

गल्लीत कुठेतरी दार आपटलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीवरचा आगीच्या वेळी काय करावं याचा फलक वाचू लागले. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

"तर तक्रार काय लिहू?" बाईंनी विचारलं. आवाज तोच, कोरडा.

"सेवा उत्तम आहे," ताई म्हणाली. "माणूस मिळत नाही. असं लिहा."

बाईंनी लिहिलं. मग टॅबवर बोट तसंच ठेवून दाजींकडे न बघता म्हणाल्या, "उपाय लिहिल्याशिवाय हे पान मला बंद करता येत नाही." आणि लिहितालिहिता मोठ्याने वाचलं, "सुपरवायझर म्हणून शिफारस. करार पाच महिने." बटण दाबलं, टॅब काखेत घातला, आणि निघून गेल्या. जाताना दार त्यांनी ओढून घेतलं, जे नियमात बसत नव्हतं.

दाजी आता आत अडकले. आणि त्यांना शेवटचं एक ठरलेलं वाक्य म्हणायचं राहिलं होतं. "आपण दिलेल्या सूचनेबद्दल," ते म्हणाले, "आम्ही आपले..."  दोनदा प्रयत्न केला. मग ते तसेच उभे राहिले, कडक इस्त्रीत, मागे हात बांधून, आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

ताई उठली. त्यांचे मागे बांधलेले हात तिने सोडवले.

"कपडे मी कपाटात ठेवीन," ती म्हणाली.